हलव्याचे दोन मार्क

नमस्कार मंडळी. तिळगूळ वाटून झालाय, म्हणजे आता गोड बोलायला हवं. पण मला थोडं कडू बोलायचंय. घाबरू नका, बरंचसं माझ्याविषयीच आहे.

गेल्या शनिवारी याच हॉलमध्ये मुलांच्या 'शुद्ध मराठी बोला'ची पहिली फेरी झाली. दोन मिनिटं बोलायचं, परका शब्द आला की 1 मार्क कमी. परीक्षक अस्मादिक. सात-आठ वर्षांचा एक मुलगा संक्रांतीवर फार छान बोलत होता. काळं झबलं, बोरं, चुरमुरे, सगळं आलं. मग म्हणाला, "आणि आजीने बाळाला स्पाइकी कँडीचा मुकुट घातला." तुम्ही सगळे हसलात. मी 2 मार्क कापले आणि वर माइकवरून सांगितलं, "कँडी नाही रे राजा, हलवा!"

घरी जाताना गाडीत मागच्या सीटवरून आमची लेक म्हणाली, "आई, हलवा म्हटलं की मार्क नाही जात? तो तर माझ्या मैत्रिणीचा शब्द आहे." मैत्रीण लेबनॉनची. तिच्या डब्यात वाटलेल्या तिळांची भुसभुशीत वडी असते. त्या वडीचं नाव हलावा.

रात्री बसून शोधलं. पोरगी बरोबर. हलवा अरबी. त्या भाषेत 'हुल्व' म्हणजे गोड. तुर्कांकडे तो हेल्वा झाला, आपल्याकडे येऊन गाजरात शिरला, दुधीत शिरला, माहीमला तर पातळ लाटून कागदावर जाऊन बसला. इतका मुरला, की हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवताना आपल्याला तो परका वाटत नाही.

आणि कँडी? तिचं मूळ संस्कृत 'खंड'. आपली खांड तीच. इराणात, अरबस्तानात 'कंद' झाली, फ्रेंचांच्या हातून इंग्रजीत गेली. म्हणजे माहेरचीच पोर, परदेशात राहून उच्चार बिघडलेली. या हॉलमधल्या आपल्या बऱ्याच जणांसारखी. तिचा मी मार्क कापला.

यावर आमच्या घरी वाजलं. नवरा म्हणे, "कापलास ते बरोबर केलंस. खंड-बिंड त्या पोराला कुठे ठाऊक होतं? तो इंग्रजीच बोलला." त्याचं म्हणणं मला अजून पुरतं खोडता आलेलं नाही. पण हलव्यावर बोलायचा त्याला काय अधिकार! मी साताऱ्याची, तो मालवणचा. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "आज हलवो हाडलंय." मी मनात वेलदोड्याचा वास घेत ताटावर बसले, आणि समोर आलं लालभडक तिखलं. त्यात काळ्या पापलेटाएवढा मासा. काळं पापलेटच ते. काटे दोन्ही हलव्यांना असतात, एवढंच मी त्या दिवशी शिकले.

आमच्या आजीचा हलवा मात्र काटेरी. शेगडीवर मंद निखारे, वर परात, परातीत खसखस किंवा तीळ. त्यावर चमच्या-चमच्याने पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा चमचा. घाई केली की गोळा होतो, निखारा वाढला की साखर पिवळी पडते. थंडी कडक हवी. दुसऱ्या दिवशी कुठे दाण्याला पहिला काटा फुटायचा. आजी सगळ्या नातवंडांना म्हणायची, "हलवा हलवा रे, बसू देऊ नका." एकच शब्द दोनदा, आणि आम्हाला कधी व्याकरण लागलं नाही. बोटांची टोकं लाल व्हायची.

तीन वर्षांपूर्वी मीही केला. थंडीची इथे काय कमी! काचेच्या शेगडीवर चार तास. निघाली ती चिक्की, आणि धुराचा भोंगा वाजला तो वेगळाच.

मग आपण काय करतो? पुण्याहून दागिन्यांचा डबा मागवतो, हार, बाजूबंद, मुकुट, बाळाला दहा मिनिटं घालतो, फोटो काढतो आणि डबा गॅरेजमध्ये. इथे मंचावर मुलांच्या शब्दांना चाळणी लावतो आणि पार्किंगमध्ये त्यांना म्हणतो, "कम ऑन, हरी अप, जॅकेट घाल." त्याचे मार्क कोण कापणार? आपली मुलं मोडकंतोडकं बोलतात तेव्हा चमच्याने पाक सोडायचा, की परातच उचलून घ्यायची?

जेवणानंतर आज अंतिम फेरी आहे. यादीत त्या मुलाचं नाव नाही. त्याची आई म्हणाली, "घरी पण आता बोलायला मागत नाही हो. चुकेल म्हणतो."

मघाशी तो पाण्याच्या टेबलापाशी उभा होता. मी डबी पुढे केली. "तिळगूळ घे, गोड बोल." त्याने दोन दाणे उचलले, मान हलवली आणि गेला.