समुद्रतळाचा नकाशा: मोजलेला किती, अंदाजाचा किती?

नमस्कार मंडळी! फोनवर गूगल अर्थ उघडा आणि अरबी समुद्राचा तळ झूम करून बघा. बराचसा पुसट दिसेल, आणि मधूनच बारीक, ठळक पट्टे. त्या पट्ट्यांवरून कधीतरी एखादं जहाज खोली मोजत गेलंय. बाकीचा तळ? अंदाज!

[स्क्रीनवर: तळातला डोंगर, वर पाण्याचा फुगवटा]

अर्थात, हा अंदाज हवेतला नाही. पाण्याखाली दोन किलोमीटर उंच डोंगर असला, की त्याचं गुरुत्वाकर्षण आजूबाजूचं पाणी ओढून घेतं आणि वर साधारण दोन मीटरचा फुगवटा येतो. तो इतका पसरट असतो की बोटीवर बसून कळणारही नाही, पण उपग्रहातलं रडार तो टिपतं. मला ही युक्ती भन्नाट वाटते. फक्त तिच्यातून मोठे डोंगर कळतात, बारकावे नाहीत.

आणि तिथेच घात होतो. 8 जानेवारी 2005. अमेरिकेची ‘सॅन फ्रान्सिस्को’ ही अणुपाणबुडी पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटाहून ऑस्ट्रेलियाला निघालेली. पाण्याखालून सुसाट जाताना ती थेट डोंगरावर आदळली. एक नौसैनिक गेला, 98 जण जखमी झाले. ज्या नकाशावर मार्ग आखला होता, त्यावर तो डोंगर नव्हताच.

मार्च 2014 मध्ये बेपत्ता झालेलं मलेशियाचं एमएच 370 विमान आठवतंय? शोधयंत्रं तळाला जवळजवळ चिकटून न्यायची होती. खाली कडा आहे की दरी, हेच माहीत नसेल तर ती आदळणारच. म्हणून दक्षिण हिंदी महासागरात आधी नकाशा काढावा लागला, शोध त्यानंतर. 1 लाख 20 हजार चौरस किलोमीटर तळ पिंजून काढला. विमान मिळालं नाही, जुनी बुडालेली जहाजं मिळाली.

आता मोजतात कसं ते बघू. प्रकाश, रेडिओ लहरी पाण्यात फार खोल जात नाहीत. आवाज जातो, सेकंदाला सुमारे 1500 मीटर. मल्टीबीम सोनार जहाजाखाली दोन्ही बाजूंना ध्वनी सोडतं आणि प्रतिध्वनी किती वेळात आला यावरून खोली काढतं. एका फेरीत खोलीच्या तीन-चार पट रुंद पट्टा मोजून होतो. म्हणजे चार किलोमीटर खोल समुद्रात बारा-पंधरा किलोमीटर, पण वीस मीटर पाण्यात जेमतेम साठ-ऐंशी मीटर! किनाऱ्याजवळ शेत नांगरल्यासारख्या येरझारा घालाव्या लागतात.

जगभरच्या समुद्रतळाचा नकाशा काढायचा ‘सीबेड 2030’ हा प्रकल्प 2017 मध्ये सुरू झाला, तेव्हा जेमतेम 6 टक्के तळ मोजलेला होता. जून 2025 मध्ये आकडा 27.3 टक्क्यांवर आला.

आता म्हणाल, आपल्याला काय त्याचं? तर सुनामी. तिचा वेग खोलीवर ठरतो. चार किलोमीटर पाण्यात ताशी 700 किलोमीटर, दहा मीटरमध्ये 36 च्या आसपास. वेग मंदावला की लाट उंचावते. ती किती वाजता पोचेल हे खोल समुद्राच्या ढोबळ नकाशावरूनही काढता येतं. पण कुठल्या खाडीत शिरेल, कुठल्या वाडीत किती पाणी चढेल, हे ठरवतो तो उथळ पट्टा, जो मोजायला सगळ्यात वेळखाऊ. नोव्हेंबर 1945 मध्ये पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाची सुनामी मुंबईपर्यंत आली होती, आणि भूकंपाची ती जागा अजूनही जिवंत आहे.