एक शब्दही नसलेलं व्याख्यान

नमस्कार, इंदूरकर श्रोतेहो. कागद-पेन्सिल घेऊन बसा, आज गुणाकार आहे.

२ ला २ नं गुणत ६७ वा घात काढायचा आणि त्यातून १ वजा करायचा. उत्तर २१ आकडी येतं. मरीन मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूंनी १६४४ साली ही संख्या मूळ (१ आणि स्वतःखेरीज कशानंही पूर्ण भाग न जाणारी) म्हणून आपल्या यादीत घातली होती. १८७६ मध्ये फ्रेंच गणितज्ञ ल्युका यांनी ती मूळ नसल्याचं सिद्ध केलं, पण अवयव, म्हणजे जिच्या गुणाकारातून ती बनते त्या संख्या, त्यांनाही मिळाल्या नाहीत. पुन्हा सांगतो : मूळ नाही हे कळलं, अवयव कळले नाहीत. हे प्रश्न दोन आहेत.

आता ऑक्टोबर १९०३. न्यूयॉर्कला गणितज्ञांची सभा भरली होती. अमेरिकन गणितज्ञ फ्रँक कोल फळ्यापाशी गेले. असं सांगतात, की तोंडातून अवाक्षर न काढता त्यांनी २ चा ६७ वा घात हातानं काढला आणि १ वजा केला. आलं १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ मांडलं आणि एकेक ओळ करत गुणाकार संपवला. दोन्ही उत्तरं तंतोतंत जुळली. कोल खडू ठेवून जागेवर जाऊन बसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. शंका कुणीच विचारली नाही. विचारणार काय? पुढे कुणीतरी किती वेळ लागला म्हणून विचारलं, तर म्हणे, तीन वर्षांचे रविवार.

आपला रविवार पोहे-जिलबीतच जातो.

कोलनी चाचपडत शोध घेतला नाही. या संख्येचा प्रत्येक अवयव १३४ च्या पटीत १ मिळवून येतो, म्हणजे ६७ च्या दुपटीच्या पटीत. पहिल्या अवयवातून १ काढा, १३४ नं भागा : १४,४५,५८०, बाकी शून्य. नऊचा ताळाही घ्या, म्हणजे एकच आकडा उरेपर्यंत संख्येतल्या आकड्यांची बेरीज करत जा. दोन्ही अवयवांचा १, गुणाकाराचाही १. हल्ली मुलांना ताळा कुणी शिकवत नाही, मोबाइल आहे ना! मात्र आकड्यांची अदलाबदल झाली तर ती ताळ्याला पकडता येत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली मूळ संख्या याच घराण्यातली : २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. तिच्यात ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० आकडे आहेत. तिची कसोटी ल्युका यांच्याच वळणाची, अमेरिकन गणितज्ञ लेहमर यांनी सोपी केलेली.

घरी १२७ वर करून बघा, म्हणजे २ चा ७ वा घात वजा १. ४ पासून सुरुवात. वर्ग करा, २ वजा करा, १२७ नं भागून बाकी ठेवा. सातातून दोन गेले, म्हणून पाच वेळा, पाच वेळा. १४, ६७, ४२, १११, आणि शेवटी शून्य. शून्य आलं की मूळ. दरवेळी भागायचं विसरलात, तर पाचव्या पायरीला कागद पुरणार नाही.