खाऊला न भुलणारा कुत्रा

श्रोतेहो, नमस्कार.

कुत्र्याला शिकवायचे तर खिशात खाऊ हवाच, असे आपण धरून चालतो. पण समोर धरलेला तुकडा नुसता हुंगून मान फिरवणारे कुत्रेही असतात आणि मालक त्यांना हट्टी ठरवून मोकळे होतात. एरवी आवडीने खाणाऱ्या कुत्र्याने अचानक खाणे सोडले, तर दाताचे किंवा पोटाचे दुखणे असू शकते, म्हणून आधी पशुवैद्यांना दाखवावे. घरात खाणारा कुत्रा बाहेर तोंड उघडत नसेल, तर तो बहुधा बावरलेला असतो. अशा वेळी त्याला गोंगाटापासून दूर न्यावे.

हे सारे पाहूनही खाऊत रस दिसत नसेल, तर बक्षीस कुत्र्यालाच निवडू द्यावे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रीमॅक यांनी १९५९ मध्ये मांडलेले तत्त्व इथे उपयोगी पडते: प्राणी जी गोष्ट आपणहून अधिक करतो, तिची मुभा हेच तो सहसा टाळत असलेल्या गोष्टीचे बक्षीस ठरू शकते. फिरायला नेताना झुडपाकडे ओढ घेणारा कुत्रा पट्टा सैल ठेवून चार पावले चालला, की लगेच ‘जा’ म्हणावे आणि त्याला ते झुडूप मनसोक्त हुंगू द्यावे. ज्या हुंगण्यापायी आपण रोज त्याला ओढत होतो, तेच आता आपल्या कामी येते.

काहींना चेंडूचे वेड असते, तर काहींना दोरीची रस्सीखेच प्रिय असते. असे खेळणे दिवसभर घरात लोळत पडू देऊ नये, ते शिकवण्याच्या वेळीच बाहेर काढावे. मात्र तोंडातली वस्तू सोडण्याची आज्ञा आधी शिकवलेली असावी. स्फोटके हुडकणाऱ्या अनेक श्वानांनाही कामगिरीनंतर असा खेळच मिळतो.

गोंजारण्याबाबत मात्र आपली गफलत होते. डोके थोपटणे आपल्याला आवडते, कुत्र्याला आवडतेच असे नाही. थोडा वेळ छाती खाजवून हात मागे घ्यावा. तो अंग पुढे रेटून जवळ आला तर ते बक्षीस, ओठ चाटत तोंड वळवू लागला तर नव्हे. एका जागी स्वस्थ बसायला शिकवताना, ज्यांना असा स्पर्श रुचतो त्यांना तोच द्यावा, कारण तिथे चेंडू दाखवला की बसलेला कुत्रा उठलाच म्हणून समजा.