मिनिटाला ४२ थेंब

(पडद्यावर : नळ, साबण, दोन हात.)

हा शॉट आम्ही कापलेला नाही. साबण-पाण्यानं हात नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ कॅमेरा या दोन हातांवरच आहे. आधी तळव्यावर तळवा. मग हाताची मागची बाजू, बोटांत बोटं अडकवून. मग बोटांच्या पाठी. मग अंगठा, घाईत राहून जातो तो अंगठाच. शेवटी बोटांची टोकं तळव्यावर गोल घासायची. नळ बंद करायचा कोपरानं, तसा नळ नसेल तर कागदानं धरून. धुतलेल्या बोटांनी नळाला स्पर्श झाला, की मागून नर्सिंग शिकवणाऱ्या मॅडमचा एकच शब्द येतो, "परत."

(पडद्यावर : लॅबचा लांब शॉट. पलंगांची रांग, त्यावर डमी.)

सोलापुरातल्या एका नर्सिंग कॉलेजची ही स्किल लॅब. सकाळची वेळ आहे आणि बाहेर ऊन आत्ताच डोळ्यांवर येतंय. बी.एस्सी. नर्सिंगचं दुसरं वर्ष. इथली बरीच मुलं सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट, बार्शी अशा तालुक्यांतून आलेली, बहुतेकांची दहावी मराठी माध्यमातली. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी, मग राज्याची सीईटी, मग चार वर्षं, आठ सेमिस्टर. कॉलेज सोलापुरात, डिग्री नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, आणि काय शिकवायचं ते ठरवते दिल्लीची इंडियन नर्सिंग कौन्सिल.

इंग्लंडमध्ये मोठ्यांचं नर्सिंग करायचं की लहान मुलांचं, हे प्रवेश घेतानाच ठरतं. तिथं 'ॲडल्ट नर्सिंग'ची वेगळी डिग्री आहे. आपल्याकडे सगळ्यांना सगळं शिकावं लागतं, बाळंतपणापासून मनोरुग्णांपर्यंत. मोठ्या माणसांचे आजार दुसऱ्या वर्षात येतात. विषयाचं नाव ॲडल्ट हेल्थ नर्सिंग, भाग एक आणि दोन. जुन्या सिस्टर अजून 'मेड-सर्ज'च म्हणतात, म्हणजे मेडिकल-सर्जिकल. यातल्या एकेका भागाला १४० तास वर्ग, ४० तास लॅब आणि ४८० तास वॉर्ड. वर्गाच्या तिपटीहून जास्त वेळ पेशंटजवळ. "नर्सिंगला शिकायचं काय, इंजेक्शन तर द्यायचं," असं म्हणणारे काका प्रत्येक घरात एक असतातच. त्यांनी हे आकडे जरूर ऐकावेत.

(पडद्यावर : पांढरी चादर हवेत उघडते, पलंगावर पसरते.)

आता हे पलंग आवरणं. चादरीचा कोपरा उचलायचा, गादीवर तिरका ठेवायचा, खालचा भाग आत खोचायचा, मग वरचा खाली ओढून पुन्हा आत. पाकिटासारखा घट्ट कोपरा. एवढा खटाटोप कशासाठी? जो माणूस स्वतःहून कूस बदलू शकत नाही, त्याच्या पाठीखाली चादरीची एक सुरकुती रात्रभर राहिली, तर तिथली कातडी लाल होते. माकडहाड, टाच, खुबा, जिथं हाडावर मांस कमी तिथं रक्त पोचत नाही. लाल झालेली जागा बोटानं दाबून सोडली आणि तिचा रंग बदललाच नाही, तर समजायचं की जखम सुरू झाली. म्हणून दर दोन तासांनी कूस, आणि म्हणून हा कोपरा. सोलापूरच्या वॉर्डांत यात एक भर पडते. घरचे येताना आपली जाडजूड सोलापुरी चादर घेऊन येतात आणि मायेनं पेशंटच्या अंगाखाली घालतात. ती अंगावर चांगली, अंगाखाली तिच्या घड्या पडतात. हे नातेवाइकांना न दुखवता कसं सांगायचं, याचा धडा पुस्तकात नाही. तो सिनिअर सिस्टरकडून उचलावा लागतो.

(पडद्यावर : सलाइनची बाटली. ड्रिप चेंबर अगदी जवळून. थेंब.)

या मुलीला मॅडमनी दिलेलं गणित असं : ५०० मिली सलाइन, ४ तासांत द्यायचं, सेट, म्हणजे सलाइनची नळी, मिलीला २० थेंबांचा. ती पुटपुटत करते. पाचशे गुणिले वीस, दहा हजार थेंब. चार तासांची मिनिटं दोनशे चाळीस. भागाकार, एक्केचाळीस पूर्णांक सदुसष्ट. म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. कागदावरचं गणित इथं संपतं, हातातलं सुरू होतं. मनगटावर सेकंदकाट्याचं घड्याळ, डोळे चेंबरवर, अंगठा थेंबांचा वेग बदलणाऱ्या रोलरवर. पहिल्यांदा मोजलं, पन्नासच्या पुढे. रोलर थोडा खाली. आता छत्तीस. पुन्हा वर. घड्याळ आणि थेंब एकाच वेळी बघायला डोळ्यांना सवय लागते. कॅमेऱ्यामागे आम्हीही मोजत होतो, आमचा आकडा दर वेळी वेगळाच.

चुकलं तर काय होतं? हृदय कमजोर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला तेच सलाइन चाराऐवजी एका तासात गेलं, तर पाणी फुफ्फुसात साचतं. दम लागतो, कधी गुलाबी फेस येतो. रोलर वळवणाऱ्या त्या अंगठ्याला हे ठाऊक असावं लागतं.

(पडद्यावर : विडी वळणाऱ्या बायका. सूप, तेंदूची पानं, कात्री, दोरा.)

सोलापूरच्या पूर्वभागातल्या या गल्लीत आम्ही एक सकाळ घालवली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा. हात इतके भरभर चालतात, की हा भाग आम्हाला मंद करून दाखवावा लागला. जवळच कुठंतरी यंत्रमागांची खडखड आहे, ती ध्वनिमुद्रणात सगळीकडे आलीय. पाचवारी सावरत एक बाई खोकतात, सूप बाजूला करतात, पुन्हा मांडीवर घेतात.

दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीनं केस स्टडीसाठी अशाच एक विडी कामगार मावशी घेतल्या होत्या. वॉर्डात कॅमेरा नेला नाही. ही तिची वही आहे. छापील फॉर्ममध्ये धूम्रपान : 'नाही'. उत्तर खरंच होतं, मावशींनी आयुष्यात विडी ओढली नव्हती. पण खाली पेन्सिलीनं काय लिहिलंय बघा. "लग्नाआधीपासून विड्या वळतात. घरात चूल, खिडकी नाही." निदान सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या. बिडीची धूळ आणि चुलीचा धूर, दोन्ही त्या एका ओळीत आले. फॉर्ममध्ये याला रकानाच नव्हता.

वहीचं शेवटचं पान. मावशी तेलुगू बोलणाऱ्या, शेजारच्या पलंगावर अक्कलकोटकडच्या कानडी आजी. पानावर देवनागरीत आहे, "नोप्पि एक्कड उंदि", त्याखाली "एल्लि नोवु इदे". दुखतंय कुठं, दोन भाषांत. पाठ्यपुस्तक इंग्रजी, मॅडम शिकवतात मराठीत मिसळून, आणि पेशंट यांतलं काहीच बोलत नाही. सोलापुरात वाढलेल्या मुलांना हे जड जात नाही. बाहेरून आलेली मुलं पहिले काही महिने वॉर्डात काम करणाऱ्या मावशी-मामांना दुभाषी करून काम भागवतात.

आणि ऑक्सिजन. विडीवाल्या मावशींच्या बोटाला लावलेल्या यंत्रावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ९०. त्यांचा मुलगा घाबरलेला. "ओ सिस्टर, ऑक्सिजन वाढवा की जरा, शंभर पाहिजे ना?" इतर पेशंटमध्ये नव्वदला धावपळ झाली असती. सीओपीडीच्या अशा पेशंटला मात्र साधारण ८८ ते ९२ एवढंच ठेवायचं असतं. जास्त ऑक्सिजन दिला, तर काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस गुंगीत जातो, आणि वरून दिसतं की शांत झोप लागली. ऑर्डर डॉक्टरांचीच. पण ती शांत झोप खरी की गुंगी, हे रात्री तीन वाजता कोण ओळखणार? त्या विद्यार्थिनीनं ऑक्सिजन वाढवला नाही. पलंगाचा माथा उचलला, मावशींना पुढे झुकवून बसवलं, ओठ चंबू करून फुंकर घातल्यासारखा श्वास सोडायला शिकवलं. वहीत या प्रत्येक कृतीसमोर कारण लिहिलंय. कारण नसेल तर मार्क नाहीत.

(पडद्यावर : डॉ. कोटणीस स्मारक, बाहेरून.)

याच शहरात १९१० साली द्वारकानाथ कोटणीस जन्मले. १९३८मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, १९४२मध्ये तिथंच वारले. सोलापूरकरांना हे सांगावं लागत नाही. त्यांच्या पत्नी कुओ छिंगलान परिचारिका होत्या, हे किती जणांना सांगावं लागत नाही, ते आम्ही चौकात विचारून पाहिलं. उत्तरं चित्रफितीत ठेवलेली नाहीत.

(पडद्यावर : मुलगे डमीवर छाती दाबताना.)

वर्गात मुलगेही आहेत. वॉर्डात त्यांना ब्रदर म्हणतात, गावाकडे अजून "कंपाउंडर होणार का?" विचारतात. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबायची मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत घाम फुटतो. म्हणून माणूस बदलायचा, हाही अभ्यासाचा भाग.

आठव्या सेमिस्टरला २२ आठवड्यांची इंटर्नशिप, आठवड्याला ४८ तास, त्यातले ६ आठवडे मोठ्यांच्या वॉर्डांत. वॉर्डाची हजेरी शंभर टक्के भरल्याशिवाय डिग्री नाही. मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी. पुढं कंत्राटी नोकरी, पुण्या-मुंबईची खाजगी रुग्णालयं, आखाताची तिकिटं, एकेका नर्सवर वाजवीपेक्षा कितीतरी जास्त पेशंट. त्याला वेगळी फिल्म लागेल.

(पडद्यावर : नर्सेस स्टेशन. भिंतीवर घड्याळ, दोनला पाच कमी.)

दुपारची ओव्हर, म्हणजे पेशंटची माहिती पुढच्या पाळीला सोपवणं. सकाळची पाळी सुटणार, दुपारची घेणार. आज इन्चार्ज सिस्टरसमोर ओव्हर देतेय मघाची थेंब मोजणारीच. नाव, निदान, काय दिलं, काय द्यायचं राहिलं, सगळं न अडखळता.

"इनटेक-आउटपुट?"

"इनटेक अठराशे मिली, आउटपुट साडेनऊशे, सिस्टर." म्हणजे अंगात गेलेलं पाणी आणि बाहेर पडलेलं.

"मग साडेआठशे कुठं गेलं? सुजलेत का, पाय दाबून बघितलेस?"

बघितले नव्हते. सिस्टर पुढच्या पेशंटकडे वळत नाहीत, थांबतात. ती पेन खिशात टाकून वॉर्डाकडे निघते, आणि जाता जाता आधी हात धुण्याच्या बेसिनकडे वळते. बाकीची ओव्हर तिच्यासाठी खोळंबलीय.