उसातले तणनाशक आणि उन्हाचे काम

आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टमध्ये उरकली की कोल्हापूरजवळच्या करवीर तालुक्याच्या शिवारात पाठीवरचे पंप बाहेर पडतात. तण उगवण्याआधी मारायच्या औषधांत अ‍ॅट्राझिन जुने आणि माहितीचे आहे. फवारणी संपल्यावर पंप ओढ्याच्या कडेला विसळला जातो, टाकीच्या तळाचा पांढुरका साका पाण्याबरोबर वाहून जातो आणि ओढ्याची वाट पंचगंगेकडे असते.

हे औषध प्रकाशाने मोडता येते. १९७२ साली अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी टिटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन होते, हे प्रसिद्ध केले. भिंतीच्या पांढऱ्या रंगातही असणाऱ्या या पदार्थावर सुमारे ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील, प्रकाश पडला की आतला इलेक्ट्रॉन जागा सोडतो. मागे राहिलेली धनभारित पोकळी पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक हा अतिशय क्रियाशील कण तयार करते, आणि हा मूलक समोर येईल त्या सेंद्रिय रेणूचे लचके तोडतो. सुटलेल्या इलेक्ट्रॉनला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन उचलून घेतो, म्हणून पाण्यात हवा खेळती ठेवावी लागते.

मात्र अ‍ॅट्राझिनच्या बाजूच्या साखळ्या तुटल्या आणि क्लोरीन निघून गेला, तरी नायट्रोजनयुक्त कडे शाबूत राहते आणि प्रक्रिया सायन्युरिक आम्लाशी थांबते. ते मूळ औषधापेक्षा बरेच निरुपद्रवी असून मातीतले जिवाणू ते पचवतात, हे सुदैवच. क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाच्या बाबतीत मोडण्याच्या वाटेत तयार होणारा ऑक्सॉन हा पदार्थ मूळ औषधापेक्षाही विषारी असतो. त्यामुळे औषध नाहीसे झाले एवढ्यावर समाधान न मानता, त्याचे काय झाले हे तपासलेच पाहिजे.

टिटॅनियम डायऑक्साइडची भुकटी पाण्यात टाकली तर ती पुन्हा गाळून काढणे जिकिरीचे होते. शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात तापवलेल्या काचेवर द्रावण फवारून (इथेही फवाराच) ऑक्साइडचे पातळ थर बसवण्याचे संशोधन झाले आहे. असा थर काचेला चिकटून राहतो.

पावसाळ्यातल्या गढूळ पंचगंगेत प्रकाश खोल जात नाही आणि पाण्यातले इतर सेंद्रिय पदार्थच मूलक संपवतात, म्हणून नदीत हा उपाय करणे व्यर्थ आहे. पंप विसळलेले पाणी अशा काचा ठेवलेल्या उथळ हौदात धरणे अधिक शहाणपणाचे. पण जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशात अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के असतो आणि श्रावणातल्या ढगांत तोही घटतो, त्यामुळे ते पाणी एकतर ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत पिंपात साठवावे लागेल, नाहीतर हौदावर अतिनील दिवा लावावा लागेल.