आधी स्टँड, मग सीट

नमस्कार, श्रोतेहो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मी सायकलनं घरी येते तेव्हा सोबत नारळ, पाच किलो तांदूळ, भाजी आणि मागच्या सीटवर माझी तीन वर्षांची मुलगी असते. बायका विचारतात, भीती नाही वाटत? वाटते. पण चालवताना नाही, सायकल उभी असताना.

पहिल्याच पावसाळ्यात दुकानासमोर एका पायाच्या स्टँडवर सायकल लावली आणि सुटे पैसे काढायला वळले. भिजलेल्या मातीत स्टँड रुतला, सायकल मुलीसकट आडवी झाली. हेल्मेटमुळे डोकं वाचलं, कोपर मात्र सोललं. ते रडणं माझ्या कानांतून अजून गेलेलं नाही. म्हणून सांगते, जुनी सायकल बघायला जाल तेव्हा रंग नंतर बघा. आधी दूधवाल्यांकडे असतो तसा, मागचं चाक उचलून धरणारा दोन पायांचा स्टँड बसवून घ्या.

सायकल मधला दांडा खाली असलेली, म्हणजे लेडीजच घ्या. बाबांनीसुद्धा. मागे मूल बसलं की पाय मागून टाकता येत नाही. कॅरिअर मागच्या चाकाच्या आसाला नटानं आवळलेला हवा. नुसता सीटच्या नळीला अडकवलेला नको. मुलाच्या सीटला पट्टा हवा आणि चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी. मुलांचे पाय तारांत जातात, ती जखम फार वाईट. वर्षाच्या आतलं, नीट बसू न शकणारं बाळ तर सायकलवर घेऊच नये.

आता सामान. आपला पोदेर, म्हणजे पाववाला, टोपली उंच बांधतो, कारण पाव हलका. तांदूळ-नारळ तसे वर ठेवले तर वळणावर सायकल झुकते. ताडपत्रीच्या दोन पिशव्या शिवून घ्या आणि चाकाच्या दोन्ही बाजूंना, होतील तितक्या खाली लटकवा.

गोव्याचे चढ तुम्हाला ठाऊकच आहेत. गिअर नसले तरी अडत नाही. मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचं दातेरी चक्र, 18 दात्यांचं असेल तर 22 दात्यांचं बसवायला सांगा, साखळीत थोड्या कड्या वाढवाव्या लागतील. वेग कमी होतो, पण चढाला गुडघे दुखत नाहीत. उतारावर मात्र पावसात रिम ओली असते, ब्रेक उशिरा धरतो; स्टीलच्या रिमला तर फारच. नेहमीपेक्षा बरंच आधी दाबायला लागा. लाल मातीची कच ब्रेकचे रबर खाते, ते मधूनमधून पुसा, तपासा.

मुलाला बसवण्याआधी सीटवर त्याच्या वजनाची तांदळाची गोणी बांधून अंगणात, मग वाड्यावर, म्हणजे आपल्या वस्तीत, चार दिवस चालवून बघा.

आणि रोजचा क्रम एवढा पाळा. सायकल स्टँडवर, सामान दोन्ही बाजूंना सारखं, मूल सगळ्यात शेवटी. घरी पोचल्यावर उलट. आधी ती उतरते, धावत आजीकडे जाते, आणि मग मी नारळ काढते.