बॉयलरचा काटा का उतरतो?

इंग्लंडमधलं एक घर, जानेवारी महिना. रेडिएटर गरम आहेत, तक्रार काहीच नाही. फक्त बॉयलरखालचा हा पाण्याच्या दाबाचा काटा बघा. हीटिंग थंड असताना तो साधारण 1 ते 1.5 बारवर (बार म्हणजे दाबाचं एकक) हवा. परवाच पाणी भरून तिथे आणला होता. आज पुन्हा खाली.

बॉयलरमध्ये तापलेलं पाणी नळ्यांतून खोल्या गरम करणाऱ्या रेडिएटरमध्ये जातं आणि परत येतं; तेच ते पाणी फिरत राहतं. दाब सारखा उतरतोय, म्हणजे ते कुठूनतरी बाहेर पडतंय. पण ओल कुठेच नाही! मुंबई-पुण्यात गळती झाली की खालच्या मजल्यावरचे शेजारीच दारात येतात. इथे नळी तळमजल्याच्या काँक्रीटमध्ये पुरलेली. सुईएवढ्या भोकातून झिरपलेलं पाणी तिथेच मुरतं, नाहीतर नळीच्या उष्णतेनं सुकून जातं.

मग लोक फिलिंग लूपची, म्हणजे नळाचं पाणी आत भरणाऱ्या जोडनळीची, चावी फिरवून काटा वर आणतात आणि विसरतात. नव्या पाण्याबरोबर नवा ऑक्सिजन आत शिरतो, पोलादी रेडिएटर आतून गंजतात, काळा गाळ साचतो. खरं नुकसान या सवयीनं होतं.

फरशी फोडायची घाई नको. आधी बाहेरच्या भिंतीतून निघालेली ही तांब्याची नळी पाहा. 3 बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला की पाणी इथून पडतं. हीटिंग तापल्यावर इथे ठिबकत असेल, तर बहुधा एक्स्पान्शन व्हेसलमधली, म्हणजे तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीतली, हवा गेली आहे. जमिनीखाली गळती नसेलही.

इथे कोरडं आहे? मग बॉयलर बंद करून त्याखालच्या जाणाऱ्या-येणाऱ्या नळ्यांचे व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवा. सकाळी काटा उतरला, तर दोष बॉयलरमध्ये. जागेवर राहिला, तर संशय नळ्यांवर. फुकटातली ही चाचणी आधी न करता फरशीला हात लावू पाहणाऱ्या कारागिराला थांबवावं.

आता थर्मल कॅमेरा. हीटिंग सुरू होताच जमिनीखालच्या नळ्या उजळ रेघांसारख्या दिसू लागतात. रेघ जिथे पसरून डाग होते, तिथे खूण करायची. जाड गालिचा असेल, तर मात्र चित्र पुसट होतं.

तेव्हा पाणी काढून नळ्यांत वायू भरतात: 5 टक्के हायड्रोजन, 95 टक्के नायट्रोजन. या प्रमाणात तो पेट घेत नाही. हायड्रोजन सगळ्यात हलका. काँक्रीटमधूनही वर येतो आणि तो हुंगणारं यंत्र वाजतं. वायू भेगेतून वाट काढतो, त्यामुळे भोक नेमकं खालीच असेल असं नाही. म्हणून जमिनीला मायक्रोफोन लावून आवाजही ऐकतात.

मग निघते एखादीच फरशी. नवा तुकडा जोडताना त्यावर आवरण हवं, काँक्रीट तांब्याला लागू नये. शेवटी नव्या पाण्यात गंजरोधक रसायन घालायचं. नेमकं तेच राहून जातं.